आयपी प्रतिबंधसूचीवर आधारित फायरवॉल
उपद्रवी आयपी पत्त्यांच्या याद्या ठराविक वेळाने डाउनलोड करून फायरवॉलचे नियम आपोआप बदलण्याची पद्धत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅमहाउस संस्थेची ‘ड्रॉप’ ही यादी प्रसिद्ध आहे. गुन्हेगारी टोळ्यांनी बळकावलेले किंवा भाड्याने घेतलेले पत्तासमूह तीत असतात. लिनक्सवर हजारो पत्त्यांसाठी हजारो नियम लिहिले, तर प्रत्येक पॅकेट त्या साऱ्यांशी ओळीने ताडून पाहावे लागते. त्याऐवजी आयपीसेट या साधनाच्या हॅश संचात सारे पत्ते ठेवले, तर एकच नियम पुरतो. नवी यादी वेगळ्या संचात भरून ‘स्वॅप’ आज्ञेने अदलाबदल केली, की संरक्षणात क्षणाचाही खंड पडत नाही. त्याआधी फाइल रिकामी वा अर्धवट नाही, हे तपासणे अत्यावश्यक. काही याद्यांत १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्तेही असतात. ते वगळले नाहीत, तर स्वतःचेच नेटवर्क बंद पडू शकते.