भाड्याच्या घरासाठी टाइल्स घेताय? अमरावती-अकोल्यात आधी पाणी तपासा

भाडेकरू घर सोडतो आणि घरमालक बाथरूम बघतो. टाइल्सवर पांढरे थर, नळ काळवंडलेले, सिंकला गंज. मग डिपॉझिटवरून वाद सुरू होतो. पण चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते का? वऱ्हाडात अनेकदा खरं कारण असतं पाणी.

पाण्याचा काय संबंध?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. इथलं भूजल खारट आहे. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं. तरी वापरायला बोअरचं पाणी असलेली घरं बरीच आहेत. साबणाला फेस कमी येत असेल, तर पाण्यात क्षार जास्त आहेत असं समजा. पाणी वाळतं, क्षार मागे उरतात. ते काढायला लोक ॲसिड ओततात आणि मोठं नुकसान तिथूनच सुरू होतं.

मग काय निवडायचं?

- बाथरूमची फरशी: मार्बल, शहाबादी, कोटा नको. हे चुनखडीच्या जातीचे दगड, ॲसिडने झिजतात. खरखरीत, न घसरणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स घ्या.
- टाइल्सचे सांधे: ॲसिड सिमेंट खातं आणि पाणी खाली झिरपतं. इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण टिकतं.
- ओटा: वर ग्रॅनाइट. कडप्प्यावर लिंबाचेही डाग पडतात. ओट्याखालच्या खणांना मात्र कडप्पा चालतो, प्लायवूड ओल धरून फुगतं.
- सिंक: ३०४ ग्रेडचं स्टील. स्वस्त २०२ ग्रेड खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं.
- नळ: बोअरच्या पाण्याला पीटीएमटीचे नळ बरे, गंजत नाहीत.
- दार: लाकडी दार खालून कुजतं. पीव्हीसीचं लावा.

दुरुस्तीचा खर्च कुणाचा?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. त्यातच ‘फरशीवर ॲसिड वापरायचं नाही’ अशी एक ओळ टाका. चावी घेताना दोघांनी मिळून बाथरूम आणि ओट्याचे फोटो काढा. घर सोडताना डिपॉझिटचा हिशेब त्यावरूनच करता येईल.