पडद्यावरचा बाण : चित्रात की चित्रावर?

लिनक्स वापरणाऱ्या संगणकावर कधीकधी माऊसचा बाण अचानक नाहीसा होतो, त्याच्या जागी ठिपक्यांचा चौकोन दिसतो, किंवा सरकताना बाण मागे खुणा सोडत जातो. अशा वेळी आपण प्रथम माऊस बदलून पाहतो. पण क्लिक योग्य जागी लागत असेल तर माऊस निर्दोष आहे. दोष बाण दाखवण्याच्या रीतीत आहे. ही रीत समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस व त्याबरोबर हलणारी पडद्यावरची खूण जाहीरपणे दाखवली. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या ‘आल्टो’ संगणकात १६ × १६ ठिपक्यांचा बाण स्मृतीत वेगळा ठेवलेला असे. पडद्यावर चित्र उमटत असतानाच तो योग्य जागी त्यात मिसळला जाई. मूळ चित्राला धक्का लागत नसे. फळ्यासमोर छडी धरावी, तसा हा प्रकार.

एमआयटीमध्ये १९८४ साली ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली तयार झाली. तिला नाना प्रकारच्या यंत्रांवर चालायचे होते. ज्या यंत्रात वेगळ्या बाणाची सोय नाही, तेथे दुसरी रीत वापरतात : चित्राचा तुकडा जपून ठेवायचा, त्यावर बाण काढायचा, बाण हलला की तुकडा परत बसवायचा. हा खडूने फळ्यावरच काढलेला बाण. पुसणे व पुन्हा लिहिणे यांचा मेळ चुकला की खुणा मागे राहतात.

१९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने ‘एक्स’ स्वीकारली. २००३ मध्ये ‘एक्सफ्री८६’च्या ४.३ या आवृत्तीत रंगीत, अर्धपारदर्शक बाण आले. त्यापूर्वीचे बाण दोनच रंगांचे असत. ज्या जुन्या चित्रकार्डांना दोनच रंगांचा बाण दाखवता येई, त्यांच्यावर पुन्हा खडूची रीत आली.

आता बिघाड शोधू. पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात बाण वेगळा जोडण्याचा पर्याय असल्यास तो बंद ठेवावा. खुणा स्क्रीनशॉटमध्येही उमटल्या, तर दोष चित्रात आहे. पडद्यावर ठिपक्यांचा चौकोन आहे, पण स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, तर संशय चित्रकार्डावर किंवा ते चालवणाऱ्या ड्रायव्हरवर घ्यावा. मग ‘एक्स’मधील ‘एसडब्ल्यूकर्सर’ हा पर्याय चालू करून छडीऐवजी खडू वापरायला लावावे. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’वर आधारलेल्या काही प्रणालींतही असा पर्याय असतो. बाण सुधारला, तर संशय पक्का होतो, आणि नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत कामही अडत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलले ते पाहायचे, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतोच. संगणकाच्या खोलीतही तेच करून पाहण्याची ही चांगली संधी आहे.