तिसरा आवाज

पाय जपून टाका. चिखल घोट्यापर्यंत आहे, आणि तुमच्या पायांत लाकडी तळाचे जोडे आहेत. अंगावर गवताचं इरलं. कोकणातलं नाही हो! स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिशियात, इथल्या शेतकऱ्यांनी स्वतः विणलेलं. इथला पाऊसही कोकणाइतकाच चिवट. साडेचारशे वर्षं मागे आलाय तुम्ही, नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी, मठाचा खंड भरायला.

ती किंकाळी ऐकून दचकू नका, बैलगाडीचा आस आहे तो. इथं आस चाकांबरोबर फिरतो आणि फिरताना रडतो. अशा दहा गाड्या अंगणात एकदम शिरल्या की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कुठंतरी डुक्कर कापलंय. पेंढ्याच्या जाळावर केस भाजल्याचा वास येतोय. त्यात ओली लोकर, शेण आणि भाजलेले चेस्टनट. धूर थेट घशात जातो. कालपासून तुमचा घसा तसाही धरलेला आहे.

रांग सरकते. पुढ्यात लोखंडी पट्ट्या मारलेली लाकडी पेटी येते, तिचं नाव ‘फेर्रादो’. फेर्रो म्हणजे लोखंड. तुमची राय याच पेटीनं मोजतात, आणि तुमचं शेतही, कारण एक पेटी बियाणं जेवढ्या जमिनीत पेरता येतं ती एक फेर्रादो जमीन. पेटी गावागणिक लहानमोठी होते. पण खरा तंटा शिगेवरून. मठाचा कोठावळा म्हणतो शिगेनं भर, तुम्ही म्हणता फळी फिरवून सपाट. मागची माणसं तुमच्या बाजूनं गलका करतात. त्यांनाही आज हेच भांडायचंय.

मग दोघं जण एक पोथी उचलून आणतात. धप्प! मेजावर आडवी. बुरसटलेल्या चामड्याचा वास येतो. हिचं नाव ‘तोंबो’, कॅस्टिलियनमध्ये ‘तुंबो’. तुंबलेल्या गटाराशी नातं जोडू नका; पण आडवं पडण्याशी काही जण जोडतात. एवढं जड पुस्तक उभं राहील कसं? इतर काही जण ग्रीक ‘तोमोस’कडे, म्हणजे कापलेल्या तुकड्याकडे, खंडाकडे जातात. मला पहिली व्युत्पत्ती आवडते, खरी असो वा नसो. पोथी उचलणाऱ्यांची पाठ तिच्याच बाजूनं साक्ष देईल. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये 1129 साली सुरू झालेल्या ‘तुंबो आ’त राजांची रंगीत चित्रं आहेत. तुमच्या मठाच्या पोथीत चित्रबित्र काही नाही. कोणती जमीन, कोणाकडे, किती राय, किती कोंबड्या, एवढंच.

हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यालाही लागला. गोवा बेट, साष्टी आणि बारदेश इथल्या जमिनींचा नि उत्पन्नाचा तोंबो फ्रान्सिस्को पाइशनं 1595 मध्ये तयार केला. तो छापून आणला पांडुरंग पिसुर्लेकरांनी. लिस्बनच्या सरकारी दफ्तरखान्याचं तर नावच ‘तोर्रे दो तोंबो’, तोंबोचा बुरूज.

पण तुमची पाळी आली, इकडे लक्ष द्या. भिक्षूचं बोट ओळीवरून सरकतंय. तुम्हाला अक्षर येत नाही, तरी बोट थांबलं की पोटात गोळा येतो. जमीन तीन ‘आवाजां’पुरती दिलेली आहे, आवाज म्हणजे माणूस, एकामागून एक. पहिला तुमचा आजा. त्यानं हा करार केला तेव्हा तीन पिढ्या त्याला युगासारख्या वाटल्या असतील. दुसरा बाप. तिसरे तुम्ही. तुमच्यामागं जमीन मठाची, आणि पोरांनी पुन्हा हात जोडायचे, बहुधा वाढीव पेट्यांवर.

‘तिसरा,’ भिक्षू वाचतो.

धूर घशात अडकतो. तुम्ही खोकता, दोनदा, जोरात. कोठावळा फळी हातात तशीच धरून मान वर करतो आणि तुम्हाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळतो.