बारीक होणारी धार

होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनातून पाण्याची धार पडते, ती गळती नव्हे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत असे दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलोचे इंजिन बनवले. एवढ्या हलक्या इंजिनाला थंड करायला पाणी सोबत कशाला? भोवतालचेच घ्यावे! पण त्यामुळे सारी भिस्त पंपावर आली. पुढे पंपात रबरी पात्यांचे चक्र आले. ते वाळूने झिजते. कोरडे फिरले तर थोड्याच वेळात फाटते. आम्ही तर या धारेला काटा नसलेले मापकच म्हणू. ती बारीक झाली, तुटक पडू लागली, कढत लागली किंवा वाफ दिसली, तर इंजिन लगेच बंद करावे. नाहीतर दट्ट्या अडकतो आणि भर समुद्रात वल्ही हाती येतात. मग पाणी घेण्याच्या जाळीत शेवाळ, प्लास्टिक अडकले आहे का ते पाहावे. धारेचे भोक तारेने साफ करावे. तरीही धार सुधारली नाही, तर दोष बहुधा पंपाचाच.