घरावर सोलर बसवताय? आधी बिल काढून बघा

‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी सोलरवाले फिरताहेत. ‘बिल शून्य’ ऐकून सही करण्याआधी हे समजून घ्या.

नेट मीटर म्हणजे काय?
दिवसा पॅनलने तयार केलेली वीज आधी घरात वापरली जाते. उरलेली महावितरणच्या लाईनमध्ये जाते. रात्री आपण लाईनवरून वीज घेतो. नेट मीटर दोन्हीची नोंद ठेवतो आणि बिल फक्त फरकाचं येतं. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा धरतात. मार्चअखेर हिशोब होतो. तेव्हा उरलेल्या युनिटला आपल्या नेहमीच्या दरापेक्षा कमी भाव मिळतो. शिवाय स्थिर आकार भरावाच लागतो.

किती किलोवॅट घ्यावं?
१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. त्यातून महिन्याला सुमारे १०० ते १२० युनिट मिळतात. वर्षभराची बिलं काढा. महिन्याला सरासरी २०० युनिट जळत असतील, तर २ किलोवॅट पुरे. अनुदानासाठी उगाच ३ घेऊ नका.

अनुदान किती?
१ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये. आधी पूर्ण खर्च आपण करायचा किंवा कर्ज काढायचं. अनुदान नंतर थेट बँक खात्यात येतं. त्यामुळे बिल अजून आजोबांच्या नावावर असेल, तर आधी नाव बदलून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीला ही योजना नाही.

लाईट गेली तर?
इथंच बरेच जण फसतात. लाईन बंद झाली की बॅटरी नसलेलं साधं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ही सोय केलेली असते. तुमच्याकडे भारनियमन जास्त असेल, तर बॅटरीचा वेगळा खर्च धरा.

सही करताना
सोलरवाल्याचं नाव योजनेच्या पोर्टलवर नोंदलेलं आहे का, ते बघा. पॅनल भारतात बनलेले हवेत. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या. नुसत्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका.