जर्मनीतील धुराडे-सफाई व्यवसाय

(हा लेख घरातील धूर बाहेर नेणाऱ्या बांधीव धुराड्यांच्या सफाईविषयी आहे, स्वयंपाकघरातील विद्युत चिमणीविषयी नाही.)

धुराडे-सफाई हा जर्मनीतील कायद्याने नियंत्रित केलेला कारागिरीचा व्यवसाय आहे. या कारागिरास जर्मन भाषेत ‘शॉर्नश्टाइनफेगर’ म्हणतात. एक उस्ताद कारागीर (माइस्टर), एक-दोन सहायक आणि एखादा शिकाऊ उमेदवार एवढाच अनेक आस्थापनांचा पसारा असतो. कित्येक घराण्यांत हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मात्र ज्या क्षेत्रावर त्याची उपजीविका अवलंबून असते, ते क्षेत्र वारसाहक्काने मिळत नाही.

कामाचे स्वरूप

लाकूड नीट न जळल्यास धुराड्याच्या आतील भिंतींवर काजळी व डांबरासारखा चकचकीत थर साचतो. तो पेटल्यास धुराड्यातील तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. अशा आगीवर पाणी ओतणे धोक्याचे असते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते व धुराडे फुटण्याचा संभव असतो. धुराडे तुंबल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायू घरात साठतो.

छपरावरून दोरीला लोखंडी गोळा व ब्रश बांधून तो धुराड्यात सोडणे, ही सफाईची परंपरागत पद्धत होय. लाकडाच्या शेगडीचे धुराडे वापरानुसार वर्षातून एक ते चार वेळा साफ करावे लागते. तेल व वायूवर चालणाऱ्या उपकरणांत बाहेर पडणाऱ्या वायूंचे मापन हेच मुख्य काम असते.

प्रशिक्षण

उमेदवारीचा काळ साधारणतः तीन वर्षांचा असतो. त्यानंतर काही काळ सहायक म्हणून काम करून उस्तादपदाची परीक्षा देता येते. वडिलांचा व्यवसाय पुढे चालवू इच्छिणाऱ्या मुलास वा मुलीसही या पायऱ्या चुकत नाहीत.

क्षेत्रपद्धती व २०१३ मधील बदल

देशाची विभागणी सफाई-क्षेत्रांत केलेली आहे. पूर्वी क्षेत्रातील प्रत्येक घरमालकास नेमलेल्या उस्तादाकडूनच काम करून घ्यावे लागे. त्यामुळे लहान आस्थापनेस उत्पन्नाची शाश्वती होती. ग्राहकास मात्र निवडीचे स्वातंत्र्य नव्हते, आणि उस्तादासही इतर धंदा करण्यावर निर्बंध होते. ही मक्तेदारी युरोपीय संघाच्या मुक्त सेवाव्यापाराच्या तत्त्वाशी विसंगत ठरली. म्हणून २००८ साली नवा कायदा करण्यात आला व १ जानेवारी २०१३ पासून सफाई आणि मापनाची नेहमीची कामे स्पर्धेसाठी खुली झाली.

सुरक्षेची देखरेख मात्र बाजारावर सोपविण्यात आली नाही. प्रत्येक क्षेत्रासाठी एका उस्तादाची सात वर्षांसाठी नेमणूक होते आणि वयाच्या ६७ व्या वर्षी ती संपुष्टात येते. तो घरोघरच्या शेगड्यांची व धुराड्यांची पाहणी करतो, त्यांची नोंदवही ठेवतो आणि कोणते काम कोणत्या मुदतीत व्हावे याचा लेखी आदेश देतो. ते काम कोणाकडून करून घ्यायचे हे घरमालक ठरवितो. दुसऱ्या पात्र कारागिराकडून केल्यास त्याचा दाखला सादर करावा लागतो.

कौटुंबिक व्यवसायावरील परिणाम

पाहणीसारख्या अधिकृत कामांचे शुल्क नियमांनी ठरलेले असते. खुल्या कामांचा दर कारागीर व ग्राहक परस्परांत ठरवितात. नेमणुकीसाठी अर्ज मागविले जातात व पात्रतेनुसार निवड होते. त्यामुळे पुढील पिढीच्या हाती वारशाने येतात ती अवजारे, अनुभव आणि लोकांचा विश्वास. अधिकार मात्र तिला स्वतः मिळवावा लागतो. उष्णता-पंपाला धुराडे लागत नसल्याने त्याच्या प्रसाराबरोबर सफाईचे काम घटणे स्वाभाविक आहे. म्हणून अनेक आस्थापनांनी ऊर्जाबचतीचा सल्ला देणे, वायुवीजन-नलिकांची स्वच्छता अशी जोडकामे स्वीकारली आहेत.

लोकसमजुती

काळा पोशाख, सोनेरी गुंड्या व उंच टोपी ही या कारागिराची ओळख आहे. त्याचे दर्शन, विशेषतः नववर्षाच्या दिवशी, शुभ मानले जाते. आगीच्या भयापासून घर राखणारा माणूस, या भावनेशी या समजुतीचा संबंध जोडला जातो.