पुठ्ठ्यांतून उमगलेलें चौथें परिमाण

काकडीच्या चकत्या क्रमानें ताटांत मांडल्या, तर अखंड काकडी कधीं न पाहिलेल्या मनुष्यासहि तिचा आकार सांगतां येईल. आरंभीं चकती लहान, पुढें मोठी, शेवटीं पुन्हां लहान. या क्रमांतच तिचें रूप सांठविलेलें असतें. डोळ्यांना कधींच न दिसणाऱ्या चार परिमाणांच्या आकृति एका स्त्रीनें याच युक्तीनें उलगडल्या.

ॲलिशिया बूल हिचा जन्म १८६० सालीं आयर्लंडांतील कॉर्क येथें झाला. तर्कशास्त्राला बीजगणिताचें रूप देणारे जॉर्ज बूल हे तिचे वडील. आई ही हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. १८६४ सालीं वडील वारले आणि पांच मुलींचें कुटुंब विपन्नावस्थेंत सांपडलें. स्त्रियांना विद्यापीठांचीं दारें तेव्हां बहुतेक बंद होतीं; केंब्रिजनें तर त्यांस पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडूं दिलें.

पुढें ॲलिशियेचे मेहुणे झालेले चार्ल्स हिंटन हे लांकडी ठोकळे आणून या मुलींना चौथ्या परिमाणाचा विचार शिकवीत. बिंदु सरकला कीं रेषा होते. रेषा लंब दिशेनें सरकली कीं चौरस. चौरस तितकाच वर उचलला कीं घन. पाया असा सरळ सरकवून होणाऱ्या आकृतीस चिती म्हणतात. आतां घनच आपल्या तिन्ही दिशांना लंब अशा चौथ्या दिशेनें सरकविला तर? त्या चितीस हिंटननीं १८८८ सालीं टेसरॅक्ट हें नांव दिलें. ती दिसली नाहीं तरी मोजतां येते. आरंभीच्या घनाचे ८ व शेवटच्याचे ८ मिळून १६ कोपरे. कडा १२ आणि १२, शिवाय सरकणाऱ्या कोपऱ्यांनीं आंखलेल्या ८, एकूण ३२.

परंतु मोजणें म्हणजे पाहणें नव्हे. ॲलिशियेनें छेदांचा मार्ग धरला. साबणाचा घनाकृति तुकडा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे, कर्णाला लंब कापीत गेल्यास प्रथम त्रिकोण, मध्यावर षट्कोन व अखेरीस पुन्हां त्रिकोण मिळतो. टेसरॅक्टची अशीच चकती काढल्यास ती सपाट नसून भरीव निघते: प्रथम वाढता चतुष्फलक, मग त्याचे कोपरे छाटलेले, मध्यावर अष्टफलक आणि पुढें तोच क्रम उलट. असे छेद तिनें पुठ्ठ्याचे बनविले. ६०० चतुष्फलकांनीं वेढलेल्या अवघड आकृतीचेहि. चतुर्मित सुसम बहिर्गोल आकृति सहाच आहेत, हेंहि तिला स्वतंत्रपणें उमगलें. स्विस गणिती श्लेफ्ली यांनीं तें पूर्वींच सिद्ध केलें होतें.

१८९० सालीं विवाह झाला. संसार आणि दोन मुलें यांत हें काम घरांतच राहिलें असतें. परंतु यजमानांनीं ग्रोनिंगेन येथील प्राध्यापक स्खाउटे यांच्या लेखनाकडे त्यांचें लक्ष वेधलें. बाईंनीं आपल्या प्रतिकृतींचीं छायाचित्रें त्यांस पाठविलीं. प्राध्यापकांनीं काढलेले मध्यच्छेद त्यांच्याशीं जुळले! १९०० सालीं स्टॉटबाईंचा निबंध ॲम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झाला. १९१४ सालीं ग्रोनिंगेन विद्यापीठानें त्यांस सन्मानाची डॉक्टरेट दिली. स्खाउटे मात्र आदल्या वर्षींच निवर्तले होते.

१९४० सालीं बाई वारल्या. चौथी दिशा त्यांनाहि डोळ्यांनीं दिसली नव्हती. पण जें एकदम दिसत नाहीं, तें क्रमानें जुळवून घेतां येतें, हें त्यांच्या पुठ्ठ्यांनीं दाखविलें.